नॅरोबोटीवरचा स्टोव्ह: हिवाळ्याचं जळण स्वस्तात कसं भरावं

ऑक्टोबर उजाडला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी यायला लागतो: "ताई, कोळशाचं पोतं सगळ्यात स्वस्त कुठे मिळतं?" विचारणारे बहुतेक जण इंग्लंडमध्ये कामाला आलेले असतात. घरभाडं परवडेना म्हणून जुनी नॅरोबोट (इथल्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट) घेऊन कालव्यावर राहायला लागलेले आणि पहिल्याच थंडीत हात पोळून घेतलेले.

नुसता पोत्याचा भाव विचारून काही कळत नाही. त्या पोत्यातून ऊब किती निघणार, ते तुम्ही कोणत्या महिन्यात घेतलं आणि जाळेपर्यंत कोरडं राहिलं का, यावर हिवाळ्याचा खर्च ठरतो. चार पौंड वाचवायला ओली लाकडं घेणारे लोक मार्चपर्यंत आमच्या दीडपट खर्च करतात आणि वर कुडकुडतात.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. नियम इंग्लंडचे आहेत. बोट ५० ते ६० फुटी, पोलादी, आणि स्टोव्ह कोळसा-लाकूड दोन्ही जाळणारा, असं धरलं आहे.

## १. आधी स्टोव्ह आणि चिमणी, मग जळण (जुलै-ऑगस्ट)

ही पायरी टाळून थेट कोळशाकडे वळणारे सर्वांत जास्त. स्टोव्हच्या दाराला फट असेल तर हवा आपल्या हातात राहत नाही, आणि मग उत्तम कोळसाही भसाभसा जळून जातो.

दाराभोवतीची दोरी तपासा. कागदाचा कपटा दारात अडकवून दार बंद करा आणि ओढा. सहज निघाला तर दोरी बदला. ती वारावर मिळते, सोबत स्टोव्हचा गोंद घ्या. मग आतल्या विटा, जाळी आणि वरची बॅफल प्लेट (ज्वाळा थेट धुराड्यात जाऊ न देणारी पाटी) पाहा. प्लेट वाकली किंवा जळून पातळ झाली असेल तर उष्णता थेट धुराड्यातून कालव्यावर जाते. प्लेटच्या माथ्यावर राख साचते, तीही काढा. हे अनेकांना माहीतच नसतं.

चिमणी ब्रशने झाडा. आम्ही हंगामाआधी एकदा आणि जानेवारीत एकदा झाडतो.

आता स्टोव्हचं पुस्तक वाचा. नसेल तर मॉडेलच्या नावाने शोधा. कालव्यावर सर्वांत जास्त दिसतो तो डेन्मार्कचा मॉर्सो स्क्विरल. पुस्तकात कोणतं जळण चालतं आणि लाकडाची लांबी किती हवी ते दिलेलं असतं. पेट्रोलियम कोक (तेल शुद्ध करताना उरणारा कोळशासारखा पदार्थ) मिसळलेल्या कोळशाबद्दल तिथे काय म्हटलंय ते मुद्दाम पाहा. हा कोक फार तापतो, जाळी आणि विटा खातो, म्हणून अनेक उत्पादक त्याला नाही म्हणतात. जाळीला लागणारे पैसेही जळणाच्याच खर्चात धरायचे असतात.

तपासा: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना? राहण्याची जागा असलेल्या बोटींवर तो १ एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीममध्ये, म्हणजे बोटींच्या सुरक्षा तपासणीच्या योजनेत, सक्तीचा आहे. बटण दाबून दर आठवड्याला वाजवून बघा, आणि त्यावर छापलेली मुदतीची तारीखही पाहा. थंडी लागते म्हणून बोटीची हवेची भोकं चिंध्यांनी बुजवली असतील तर आत्ताच मोकळी करा.

## २. किती लागेल, याचा अंदाज

आमची बोट ५७ फुटी, भिंतींत फोम भरलेला. सौम्य दिवसांत २५ किलोचं पोतं सहा दिवस जातं, बर्फ पडल्यावर तीनच. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सरासरी रोज ५ किलो धरला तर साधारण ९०० किलो होतो, म्हणजे ३६ पोती. फोमऐवजी थर्माकोल भरलेली किंवा मोठ्या खिडक्यांची जुनी बोट याहून जास्त खाईल. दिवसभर बाहेर नोकरीला असणाऱ्यांना कमी पुरेल.

पहिल्या वर्षी माझा आकडा घ्या, पण वहीत तुमचा लिहा. पोतं फोडल्याची तारीख, संपल्याची तारीख आणि त्या आठवड्यातली थंडी, एवढ्या तीन नोंदी पुरतात. दुसऱ्या वर्षी ही वहीच तुमचं सगळं काम करते.

## ३. पोत्याचा नव्हे, युनिटचा भाव काढा

लाइट बिलातलं युनिट आपल्याला कळतं. तेच माप इथे लावायचं. कोणत्या जळणात किती युनिटं असतात, ते ढोबळमानाने असं:

- धूर न करणारा तयार कोळसा: किलोला ८
- अँथ्रासाइट (खाणीतला कठीण, कमी धुराचा कोळसा): किलोला जवळपास ९
- कोरडं लाकूड (२० टक्के ओल): किलोला ४
- ताजं तोडलेलं लाकूड (निम्मं पाणी): किलोला जेमतेम २
- भुशाच्या दाबलेल्या विटा: किलोला पावणेपाच ते पाच
- डिझेल: लिटरला १०
- प्रोपेन गॅस: किलोला जवळपास १४

आता भाव भागा. खालचे भाव निव्वळ गणितापुरते आहेत, तुमच्या भागातले घालून पुन्हा करा.

कोळशाचं २५ किलोचं पोतं १६ पौंडांना मिळालं, तर किलो ६४ पेन्सला पडला, म्हणजे युनिट ८ पेन्सला. पेट्रोल पंपावर जाळीच्या पिशवीत मिळणारी ८ किलो लाकडं ७ पौंडांना घेतली, तर किलो ८७ पेन्स आणि युनिट जवळपास २२ पेन्स. सातच पौंड मोजल्यामुळे पिशवी स्वस्त वाटते खरी, पण ऊब पावणेतीन पट महाग पडली. डिझेल लिटरला १ पौंड १० पेन्स धरलं तर युनिट ११ पेन्स. प्रोपेनचा १३ किलोचा सिलिंडर ४५ पौंडांना धरला तर २५ पेन्स. गॅस स्वयंपाकालाच राहू द्या.

यातलं थोडं धुराड्यातून जातंच, पण कोळसा आणि लाकूड एकाच स्टोव्हमध्ये जळत असल्याने तुलनेला फरक पडत नाही. डिझेल हीटरचं मात्र वेगळं आहे. त्याला वीज लागते, आणि हिवाळ्यात सोलर पॅनल झोपलेले असतात. ती बॅटरी भरायला इंजिन चालवलंत तर तेही डिझेल त्याच हिशेबात धरा.

सावधान: लाकडाचं पोतं किंवा 'लोड' हे माप नव्हे. 'मोठी बॅग' म्हणजे एकाकडे ०.६ घनमीटर, दुसऱ्याकडे ०.८. विचारायचे प्रश्न दोन: किती घनमीटर, आणि ते ओतलेलं की रचलेलं? ओतलेला एक घनमीटर नीट रचला की साधारण दोन तृतीयांश भरतो. आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात रचल्यावर ढीग एवढा कसा खाली बसला, म्हणून मी विक्रेत्याशी भांडायला निघाले होते. चूक माझी होती, मी विचारलंच नव्हतं.

## ४. कायद्यात काय बसतं

हे दोन मिनिटांत वाचा, पण वाचा.

घरगुती साधा कोळसा, म्हणजे काळा धूर ओकणारा, इंग्लंडमध्ये विकायला बंदी आहे. पिशव्यांतली विक्री १ मे २०२१ पासून थांबली, सुटी विक्री १ मे २०२३ पासून. त्याच २०२१ च्या नियमांनी २ घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकताना त्याची ओल २० टक्क्यांपर्यंतच असली पाहिजे, असं ठरलं. अशा लाकडावर आणि तयार कोळशावर 'रेडी टू बर्न'चा शिक्का आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. २ घनमीटर किंवा त्याहून जास्त ओलं लाकूड विकता येतं, फक्त ते कसं वाळवायचं याची माहिती सोबत द्यावी लागते. त्यामुळे ढीगभर स्वस्त लाकडाची जाहिरात दिसली की ते ओलं असणार, असंच धरून चाला.

दुसरी गोष्ट धूर नियंत्रण क्षेत्रांची, म्हणजे जिथे चिमणीतून धूर सोडायला मनाई असते अशा भागांची. पूर्वी हे नियम बोटींना लागत नव्हते. २०२१ च्या पर्यावरण कायद्याने नगरपालिकांना त्यांच्या क्षेत्रात उभ्या असलेल्या बोटीही त्यात आणायची मुभा दिली. जिथे तसं झालंय तिथे चिमणीतून धूर दिसला तर १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. शहरात शिरण्याआधी त्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

## ५. कुणाकडून घ्यायचं

फ्युएल बोट. कोळसा, गॅस, डिझेल घेऊन कालव्यावर फिरणारी बोट, म्हणजे तरंगती वखारच. ठरावीक पट्ट्यात दोन-तीन किंवा चार आठवड्यांनी फेरी असते. पोतं वखारीपेक्षा पौंड-दोन पौंड महाग पडतं, पण ते तुमच्या छतावर येऊन पडतं. गाडी नसेल तर हाच सर्वांत स्वस्त पर्याय. टॅक्सीने दोन पोती आणून पाहा, कळेल.

ऑर्डर मेसेजने द्या आणि पूर्ण द्या: बोटीचं नाव, कालवा, कोणत्या दोन पुलांच्या मध्ये उभे आहात, कोणत्या काठाला, कोणत्या कोळशाची किती पोती, आणि पैसे रोख की कार्डाने. कालव्यावरच्या पुलांना क्रमांक असतात, तोच आपला पत्ता. "पबच्या जवळ" हा पत्ता नव्हे. मेसेज दिल्यावर बोट हलवलीत तर लगेच कळवा. ज्यांच्याकडे कायमचं मूरिंग (बोट बांधायची ठरलेली जागा) नाही त्यांना साधारण १४ दिवसांत जागा बदलावी लागते, त्यामुळे फेरीच्या तारखा पाहूनच आपला मुक्काम ठरवायचा. नवी मंडळी नेमकी उलटं करतात: आधी मुक्काम ठरतो आणि मग फ्युएल बोट दहा मैल मागे राहते.

रस्त्यावरची वखार. जास्त पोती घेणार असाल तर भाव इथे चांगला. अनेक वखारवाले उन्हाळी दर देतात. अडचण पोचवण्याची. टेम्पो टोपाथवर (कालव्याकाठच्या पायवाटेवर) येत नाही, म्हणून रस्ता पुलावरून जातो आणि टेम्पो उभा राहू शकतो, असा पूल आधी शोधा. शेजारच्या तीन-चार बोटींना विचारा. १ टन म्हणजे २५ किलोची ४० पोती. ती चौघांत वाटली तर भावही उतरतो आणि उतरवायला हातही मिळतात.

मरिना, पेट्रोल पंप, सुपरमार्केट. अडीअडचणीला. पोत्याचं वजन नीट बघा: २०, १५, कधी १० किलो असतं, आणि नजर किमतीवर गेली की वजन वाचायचं राहतं.

घरगुती जळणावर व्हॅट ५ टक्के आहे, २० नव्हे. पावती बघा. बोटीसाठीच्या लाल डिझेलबाबत (कमी कराचं, लाल रंग घातलेलं डिझेल) विक्रेता विचारेल की किती टक्के इंजिनाला आणि किती घरगुती वापराला. इंजिनाच्या वाट्यावर जास्त कर लागतो. त्या कागदावर सही तुमची असते, तेव्हा खरंच जो वापर असेल तोच सांगा.

## ६. तीन पोत्यांची चाचणी

एकदम तीस पोती घेऊ नका. एक्सेल, सुपरथर्म, टेब्राइट, होमफायर अशी नावं ऐकाल आणि प्रत्येक बोटवाला आपलाच कोळसा श्रेष्ठ म्हणून शपथ घेईल. ते खरं असतं, पण त्याच्या स्टोव्हपुरतं. एखादा कोळसा जोरात तापतो आणि लवकर संपतो, दुसरा रात्रभर धुमसत राहतो. कुणाची राख बारीक, कुणाची ढेकळांची.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीन प्रकारांचं एकेक पोतं घ्या आणि एकामागून एक जाळा. प्रत्येकाचं हे लिहून ठेवा:

१) पोतं किती दिवस गेलं.
२) रात्री दहाला भरलेला स्टोव्ह सकाळी सहाला निखाऱ्यावर होता का.
३) राखेचा ट्रे दिवसातून किती वेळा भरला.
४) काच काळी पडली का.

पोतं दोन पौंडांनी महाग असेल पण दीड दिवस जास्त जात असेल, तर स्वस्त तेच.

## ७. खरेदीचं वेळापत्रक

कोळसा कुजत नाही. म्हणून उन्हाळी दर लागू असताना बोटीवर मावेल तितका भरून ठेवा. आमच्यावर १० पोती मावतात. मागच्या हंगामात चाचणी झालेली असेल तर ऑगस्टमध्येच घ्या. नवे असाल तर चाचणीची तीन पोती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बाकीची ऑक्टोबर संपायच्या आत.

नंतर नोव्हेंबरपासून फ्युएल बोटीकडे प्रत्येक फेरीला ठरावीक पोत्यांची नोंद करा. थंडी पडल्यावर फोन करणाऱ्यांची रांग लागते, पण नोंद असलेल्यांची पोती बाजूला ठेवलेली असतात.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. नोव्हेंबर ते मार्च कालवे सांभाळणारी संस्था, कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट, लॉकची (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या हौदाची) दुरुस्ती काढते आणि कालवे मध्येच बंद होतात. ही यादी आधी जाहीर होते. तुमचा मुक्काम आणि फ्युएल बोट यांच्यात बंद लॉक येतंय का, ते नकाशावर ताडून बघा. येत असेल तर त्या पट्ट्यासाठी आधीच भरून घ्या.

## ८. फुकटचं लाकूड

इथे जरा थांबते, कारण आपली माणसं इथेच फसतात. लहानपणी घरी बंब असायचा. त्यात करवंट्या, चिपाडं, जुन्या वह्या, फुटकी फळी, सगळं खपायचं. बंब अंगणात होता आणि धूर आभाळात जात होता. इथे सात फूट रुंद लोखंडी डब्यात आपण झोपतो आणि स्टोव्ह उशापासून चार पावलांवर असतो.

पहिला प्रश्न मालकीचा. काठावर पडलेली फांदी बेवारस वाटते, पण ती जमिनीच्या मालकाची असते. इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीच्या कायद्यात रानातली फुलं, फळं, पानं, अळंबी स्वतःपुरती घेण्याला सूट आहे, लाकडाला नाही. विचारून घ्या. शेतकरी बहुधा हो म्हणतो. झाडं छाटणाऱ्यांशी ओळख काढा, त्यांना ओंडके टाकायला जागा हवीच असते. सध्या अ‍ॅश झाडांवर बुरशीचा रोग पसरल्याने ती बरीच तोडली जातात, आणि अ‍ॅश जळणाला फार चांगलं. मुळातच ओल कमी, सहज फुटतं. ओक वाळायला दोन वर्षं घेतो. पॉप्लर आणि विलो कालव्याच्या काठी भरपूर, पण पाण्याने भरलेले आणि हलके. वाळल्यावरही भसकन जळून जातात.

दुसरा प्रश्न ओलीचा. एक किलो ताज्या लाकडात अर्धा किलो पाणी. ते उकळवायला तुमचीच आग खर्ची पडते, उरलेली वाफ आणि डांबर चिमणीत चिकटतं. कालव्याकाठी एकाने मला "दोन वर्षं वाळवलेलं" म्हणून लाकूड विकलं होतं. बाहेरून भेगा, राखाडी रंग, सगळं पटण्यासारखं. आठवड्यात स्टोव्हची काच डांबराने बंद झाली आणि चिमणीच्या कडेने काळे ओघळ छतावर उतरले. ते डाग रंग दिल्याशिवाय गेले नाहीत.

म्हणून मॉइश्चर मीटर घ्या. १५-२० पौंडांत मिळतो. पण लाकडाच्या बाहेरच्या टोकावर टोचू नका, तिथे सगळीच लाकडं कोरडी निघतात. ओंडका फोडा आणि ताज्या फुटलेल्या बाजूच्या मध्यावर टोचा. २० च्या खाली आलं तर जाळा. २५ आलं तर पुढच्या वर्षी. विक्रेत्यासमोर हे करायला लाजू नका. जो फोडू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

लाकूड आज मिळालं म्हणजे याच हिवाळ्याचं जळण झालं, असं नाही. २० ते २५ सेंटिमीटरचे तुकडे करा, फोडा, वारा लागेल असे रचा आणि निदान दोन उन्हाळे द्या. बोटीवर एवढी जागा नसेल तर फुकटचं ओलं लाकूड दुसऱ्याला देऊन टाका. त्याची कोरडी ढलपी बदल्यात मागा.

सावधान: रंगवलेलं, दाबाने औषध भरलेलं, प्लायवुड आणि जुन्या कुंपणाच्या फळ्या जाळायच्या नाहीत. जुन्या औषधांत आर्सेनिक असतं. पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर) 'एचटी' हा शिक्का असेल तर ते फक्त उष्णतेने प्रक्रिया केलेलं आहे, चालतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड वापरलंय, हात लावू नका. शिक्का नसेल तरीही नको.

आणखी एक: ओलं लाकूड आणि कोळसा एकत्र कधीच जाळू नका. कोळशातलं गंधक आणि लाकडातलं पाणी मिळून आम्ल तयार होतं आणि धुराडं आतून खातं.

## ९. साठवण

कोरडं ठेवलं नाही तर वरचं सगळं गणित वाया जातं.

छतावर पोती ठेवायची तर खाली लाकडी पट्ट्या टाका. नाहीतर पाणी पोत्याखाली अडकून रंग फुगतो आणि गंज धरतो. कोळशाच्या पोत्यांना भोकं असतात, पावसाने ती भिजतात, म्हणून वर ताडपत्री घाला, पण बाजूने हवा खेळू द्या. प्लॅस्टिकची पोती वर्षभर उन्हात राहिली की उचलताना फाटतात, म्हणून जुनी आधी वापरा. दहा पोती म्हणजे २५० किलो. ती छताच्या एकाच बाजूला लावली तर बोट कलते. मध्यावर, दोन्हीकडे सारखी आणि सुकाणूवरून समोरचं दिसेल इतकीच उंच.

भट्टीत वाळवलेलं लाकूड छतावर उघडं ठेवलं तर इंग्लंडच्या पावसात महिन्याभरात पुन्हा ओल धरतं. ते आतच ठेवा, दोन-तीन दिवसांपुरतं.

या जागी कधीच नको: गॅस सिलिंडरच्या कप्प्यात. तिथली खालची भोकं गळालेला गॅस बाहेर जाण्यासाठी असतात, कोळशाच्या चुऱ्याने ती बुजतात. पुढच्या डेकवरची पाणी जाण्याची भोकंही मोकळी ठेवा. आणि स्टोव्हला टेकून लाकडं वाळवत ठेवू नका. बोटींना आग लागण्याचा हा जुना, साधा मार्ग आहे.

शहरात टोपाथच्या बाजूची पोती रात्रीतून पाय फुटून जातात. आम्ही ती पाण्याच्या बाजूला सरकवतो.

## १०. जाळताना वाचणारे पैसे

कोळशाला हवा खालून, जाळीतून लागते. लाकडाला वरून, आणि ते राखेच्या इंचभर गादीवर छान जळतं. म्हणून कोळसा जाळताना जाळी मोकळी ठेवायची आणि लाकूड जाळताना नाही. दोन्हीला एकच पद्धत लावली की एक तरी वाया जातं.

कोळशाचा क्रम असा: जाळी हलवून राख पाडा, ट्रे रिकामा करा, नवा कोळसा घाला, खालची हवा उघडा, कोळसा नीट धरेपर्यंत थांबा, मग हवा कमी करा. भरल्या भरल्या हवा बंद करून झोपायला जाणं ही धोक्याची सवय. कोळसा अर्धवट जळतो, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. निजण्याआधी अर्धा तास भरा. राखेचा ट्रे तुडुंब भरू देऊ नका. हवा अडली की जाळी वितळल्यासारखी वाकते.

लाकूड रात्रभर धुमसत ठेवू नका. डांबर होतं, ऊब नाही.

स्टोव्हचा माथा तापलेलाच असतो, तो वापरा. आमचं वरण हिवाळाभर तिथेच शिजतं आणि चहाचं आधणही तिथेच. गॅसचा सिलिंडर जवळजवळ दुप्पट दिवस जातो. पातेल्यावर झाकण मात्र ठेवा. बोटीत वाफ कोंडली की खिडक्यांवर पाणी धरतं, आणि दमट हवेत तेवढीच ऊब कमी वाटते.

राख: झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, आणि बादली बाहेर डेकवर. पाऊस असला तरी आत नाही म्हणजे नाही. राखेखालचे निखारे दिसत नाहीत आणि कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. पूर्ण गार झाल्यावर पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कोळशाची राख टोपाथच्या कडेला ओतू नका, झाडांनाही घालू नका. निव्वळ लाकडाची असेल तर कुंडीत चालते.

डोकं दुखणं, मळमळ, बोटीवरच्या सगळ्यांना एकदम झोप येणं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं: हे दिसलं तर अलार्म वाजला नसला तरी दारं उघडा, बाहेर पडा, मदत मागवा.

## ११. जळण संपलं तर

डिसेंबर २०१० मध्ये कालवे आठवडेच्या आठवडे गोठले होते आणि फ्युएल बोटी जागच्या हलल्या नाहीत. एवढं रोज होत नाही, पण आठवडाभराचं बर्फ दर काही वर्षांनी येतं. गोठलेल्या कालव्यातून बर्फ फोडत जायचा प्रयत्न करू नका. तुमचा रंग खरवडतोच, शेजारच्या फायबरच्या बोटीला भोक पडू शकतं.

अशा वेळी वखारीत फोन करून रस्त्याने मागवा, शेजाऱ्याकडून पोतं उसनं घ्या. एक हातगाडी बोटीवर असू द्या. पैशांचीच अडचण असेल तर वॉटरवेज चॅप्लेन्सी या चर्चशी जोडलेल्या मदत संस्थेचे लोक कालव्यावर फिरत असतात. धर्म विचारत नाहीत, मदतीचे रस्ते त्यांना ठाऊक असतात. गॅसची शेगडी पेटती ठेवून बोट तापवू नका, आणि बार्बेक्यू तर विझलेलाही आत आणू नका.

हे टाळायचं असेल तर दोन पोती सगळ्यात मागे, ताडपत्रीखाली वेगळी ठेवा आणि हिवाळाभर त्यांना हात लावू नका. लावावाच लागला, तर फ्युएल बोट आल्यावर आधी ती दोन भरून घ्या, मग बाकीची.